फरशी पुसायची म्हणजे मळ घराबाहेर काढायचा

फरशी पुसून वाळली की एक करून बघा. स्वच्छ पांढरा सुती रुमाल थोडा ओला करा, घट्ट पिळा आणि जिथून दिवसभर ये-जा असते तिथे दोन-तीनदा दाबून फिरवा. रुमाल करडा निघाला तर फरशी पुसली गेलेली नाही, नुसती ओली होऊन वाळली आहे. बहुतेक घरांत तो करडाच निघतो. आमच्याकडेही बरीच वर्षं तसाच निघायचा. रोज पुसूनही फरशी पायाला चिकट का लागते, हे मला उमगत नव्हतं.

पाणी मळ खाऊन टाकत नाही. ते मळ सुटा करतं, बस्स. सुटा झालेला मळ फडक्याने उचलला पाहिजे, फडक्यातून तो बादलीत उतरला पाहिजे आणि बादलीतून मोरीत गेला पाहिजे. यातली एक पायरी चुकली की हॉलमधला मळ बेडरूममध्ये जातो, बेडरूममधला स्वयंपाकघरात, आणि सगळीकडे सारखा पसरल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही एवढंच. खाली जे काही सांगते आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं. माहेरी शहाबादी फरशी आणि पावसाळाभर न हटणारी ओल. इथे सांगलीत काळी माती, उसाच्या गळीत हंगामात गच्चीवर आणि खिडक्यांतून आत पडणारी काजळी, जडपाण्याचे पांढरे डाग आणि कृष्णेचा पूर. फरशी बदलली, मळ बदलला की पुसायची रीतही थोडी बदलते.

आधी केर, आणि तो कोरडाच

कृष्णाकाठची काळी माती पाणी लागलं की फुगते आणि चिकट होते. शेतात पाऊस पडल्यावर चपलेला चार-चार बोटं माती कशी चढते ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. हीच माती धुळीच्या रूपात घरात असते. कोरडी असताना ती झाडूने सहज निघते. तिच्यावर ओलं फडकं फिरवलं की तिचा पातळ गारा होतो, तो फडक्याबरोबर सरकतो आणि वाळल्यावर करडे पट्टे उमटतात. मग आपण साबण वाढवतो, पट्टे तसेच राहतात. चपलेचा ओला ठसा उमटला असेल तर त्याला लगेच हात लावू नका. वाळू द्या, झाडून घ्या, मग पुसा.

केर काढण्याआधी वरचं काम उरकायचं: पंखा, जळमटं, टीव्हीचं स्टँड, खिडकीच्या पट्ट्या. फरशी पुसून झाल्यावर पंख्याची पाती पुसली तर सगळी मेहनत वाया जाते. खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवा, पायपुसणी बाहेर नेऊन झटका. केर काढताना पंखा बंद ठेवा. मऊ फुलझाडू फरशीला चिकटून ओढायचा, शेवटी टोक वर उडवायचं नाही, कारण उडालेली बारीक धूळ अर्ध्या तासाने पुन्हा खालीच बसते. केरसुणी आणि खराटा अंगणासाठी आणि मोरीसाठी ठेवा. गुळगुळीत टाइल्सवर त्यांच्या काड्यांतून बारीक धूळ मागे राहते.

झाडू झाल्यावर एक कोरडं फडकं किंवा कोरडा मॉप भिंतीच्या कडेने आणि पलंगाखालून फिरवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण केसांची गुंतवळ आणि पिठासारखी धूळ यानेच निघते. ही पायरी मी वाचवू देत नाही. केस ओले झाले की फरशीला चिकटतात आणि मग बोटांनी वेचत बसावं लागतं.

रांगोळी आणि कुंकूही कोरडंच उचलायचं. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. ओली झाली की फरशीच्या सांध्यांत जाऊन बसते. आणि काजळी तर अजिबात घासायची नाही. साखर कारखान्यांची धुराडी पेटली किंवा शेतात उसाचं पाचट पेटवलं की काळे हलके तुकडे उडत घरात येतात. त्यांच्यावर पाय पडला किंवा ओलं फडकं लागलं की कोळशाने ओढावी तशी रेघ उठते. फुलझाडू जवळजवळ न दाबता चालवून ते सुपलीत घ्या. हंगामात संध्याकाळी गच्चीकडचं दार बंद ठेवलं तर निम्मं काम कमी होतं.

दोन बादल्या

फरशी पुसण्यात सगळ्यात जास्त फरक मला या एका बदलाने पडला. एका बादलीत साबणाचं किंवा लिक्विडचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. फडकं पहिल्या बादलीत बुडवायचं, पिळायचं, पुसायचं. मळलं की दुसऱ्या बादलीत खळबळायचं, घट्ट पिळायचं आणि मगच पुन्हा पहिल्या बादलीत घालायचं. असं केलं की सगळी घाण दुसऱ्या बादलीत जमते आणि साबणाचं पाणी शेवटपर्यंत बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. पहिल्याच दिवशी दुसऱ्या बादलीतल्या पाण्याचा रंग बघा. हे सगळं इतके दिवस फरशीवर परत जात होतं.

नुसत्या पाण्याची बादली प्रत्येक खोलीनंतर बदला. पूर्ण भरायची गरज नाही, चार-पाच लिटर पुरतं. बादलीचा तळ दिसेनासा झाला की पाणी बदलायची वेळ झाली, ही माझी खूण.

आता पाणी बदला म्हणणं सोपं आहे. माण-खटावात किंवा जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घरात तीन-तीनदा पाणी ओतून देणं कुणाला परवडणार? तिथे पाण्याऐवजी फडकी वाढवा. जुन्या सुती साडीचे किंवा पंचाचे पाच-सहा तुकडे करा. एका लहान घमेल्यात थोड्या पाण्यात सगळे एकदम भिजवा, पिळून बाजूला ठेवा. एका खोलीला एक तुकडा वापरा आणि मळलेला तुकडा परत त्या पाण्यात घालू नका. शेवटी सगळे एकदम धुवा. दोन-तीन लिटर पाण्यात अख्खं घर निघतं आणि बादलीभर गढूळ पाण्याने पुसण्यापेक्षा फरशी स्वच्छ होते. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी पुष्कळजण फरशीला वापरतात. त्यात क्षार जास्त असतात, त्यामुळे काळ्या ग्रॅनाइटवर आणि चकचकीत टाइल्सवर पांढरट थर दिसतो. अंगण, जिना, संडास यांना ते खुशाल वापरा.

फडक्याच्या एका घडीतही भरपूर जागा असते. चौकोनी फडकं दोनदा दुमडलं की उलटसुलट करत, घडी फिरवत त्याच्या आठ स्वच्छ बाजू वापरता येतात. बोळा करून पुसणाऱ्याच्या हाती एकच बाजू लागते, आणि तीही पहिल्या दोन हातांत मळते.

साबण किती?

तुम्हाला वाटतं त्याच्या निम्म्याहून कमी. रोजच्या पुसण्याला पाच लिटर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा अर्धा लहान चमचा भरपूर झाला. फरशीचं तयार लिक्विड असेल तर बाटलीवर लिहिलेलं झाकणाचं माप पाळा, अंदाजे धार धरू नका. जास्तीचा साबण पाण्याबरोबर उडून जात नाही. तो फरशीवर वाळून बसतो, त्याला धूळ चिकटते आणि पायांना चिकचिक लागते. लोक त्या चिकचिकीवर आणखी साबण घालतात. फरशी चिकट झालीच असेल तर तीन-चार दिवस साबण पूर्ण बंद करून नुसत्या कोमट पाण्याने पुसा आणि दर वेळी पाणी बदला. पहिल्या दिवशी साबण घातला नसतानाही बादलीत फेस येईल. तो जुनाच साबण असतो.

फिनाइलबद्दल बराच गैरसमज आहे. पांढरं फिनाइल पाण्यात दुधासारखं होतं, वास चांगला येतो, जंतूंवरही थोडंफार काम करतं, पण तेलकटपणा काढायचं ते साधन नाही. स्वयंपाकघरात फोडणीचं तेल उडालेलं असताना नुसतं फिनाइल घालून पुसलं तर वासाचा तेलकट थर तयार होतो. काळं फिनाइल मोरी आणि गटारीपुरतंच ठेवा. घरात रांगणारं मूल असेल किंवा मांजर असेल तर ते फरशीवर घालूच नका. मांजर पंजे चाटतं, आणि त्या जातीची रसायनं मांजरांना विषारी असतात.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी आणि संडासचं ॲसिड एकत्र येता कामा नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करतो. एकाच दिवशी दोन्ही वापरायची वेळ आली तर आधीचं भरपूर पाण्याने धुऊन काढा, खिडकी उघडा आणि दुसरं दुसऱ्या दिवशीवर टाका.

फरशी कोणती, ते आधी ओळखा

सांगलीतल्या घरात हॉलला कोटा फरशी आहे. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडायला लागले तेव्हा एका दुकानातून मला एक बाटली मिळाली. ‘ओता, पाच मिनिटांत फरशी नवी होईल,’ असं सांगितलं गेलं. दाराजवळच्या कोपऱ्यात ओतलं तर चरचर आवाज करत फेस आला. मला वाटलं, मळ निघतोय. वाळल्यावर तिथे ताटाएवढा पांढुरका, खरखरीत डाग दिसला. तो आजही आहे. त्याच्यावर धूळ आधी बसते आणि उशिरा निघते.

शहाबादी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. त्यांच्यावर आम्ल पडलं की दगडातला चुना त्यात विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. मी जो फेस मळाचा समजत होते तो माझ्या फरशीचा होता. जुन्या घरांतल्या मोझाईक टाइल्सही त्यातच मोडतात, कारण त्यांत सिमेंट आणि संगमरवराची खडी असते. म्हणून ॲसिड तर दूरच, पण लिंबू, व्हिनेगर, चिंचेचं पाणी, ताक यांतलं काहीही या फरश्यांवर टाकू नका. समाजमाध्यमांवर दिसणारा ‘पाण्यात व्हिनेगर घाला’ हा सल्ला टाइल्सच्या घरांसाठी असतो. शहाबादीच्या सोप्यात तो घात करतो. ताकाचा किंवा सरबताचा पेला सांडला तर ‘नंतर बघू’ म्हणायचं नाही, लगेच टिपून साध्या पाण्याने पुसायचं.

फरशी कोणती आहे याची खात्री नसेल तर फ्रिजमागच्या किंवा दारामागच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका आणि मिनिटभर बघा. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर तिथली चमक गेली, तर दगड चुन्याचा आहे. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल्स हा थेंब सहन करतात. पण टाइल्समधले सांधे सिमेंटचे असतात आणि तेही ॲसिडने झिजतात. दर आठवड्याला ॲसिड लावणाऱ्या बाथरूमचे सांधे पोकळ झालेले तुम्ही पाहिले असतील.

दगडाच्या फरशीला कोमट पाणी आणि दोन-चार थेंब भांड्याचं लिक्विड, याच्यापलीकडे काही लागत नाही. चमक यावी म्हणून काही घरांत शहाबादीवर तेलाचा हात फिरवतात. दोन दिवस ती काळीभोर दिसते, मग धूळ तेलाला धरते आणि फरशी मेणचट होते. ते बंद करा. काळपट मेणचट थर साचला असेल तर कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून, एका वेळी दोनच फरश्या घेऊन, काथ्याने किंवा प्लास्टिकच्या ब्रशने घासा. मळीचं पाणी लगेच टिपून घ्या, नंतर दोनदा साध्या पाण्याने पुसा. हातमोजे घाला, सोड्याने हात चरचरतात. तारेची घासणी दगडावर फिरवू नका, तिचे ओरखडे जात नाहीत.

बोअरच्या जडपाण्याचे पांढरे डाग येऊ नयेत म्हणून एकच उपाय चांगला चालतो. फरशीवर पाणी वाळू द्यायचं नाही. पुसून झाल्यावर कोरडं फडकं फिरवायचं. पाणी उडून गेलं की मागे क्षार उरतो. पाणीच टिपून घेतलं तर क्षारही त्याबरोबर जातो. टाइल्सवर आधीच थर बसला असेल तर एक भाग व्हिनेगर आणि पाच भाग पाणी लावून दोन मिनिटांत धुऊन टाका. दगडावर मात्र हे चालणार नाही.

जावळी-पाटणकडे अजूनही शेणाने सारवलेल्या जमिनी आहेत. तिथे पुसण्याचा प्रश्नच येत नाही. हलक्या हाताने केर काढायचा आणि जमीन सारवायची. ओलं फडकं लागलं की सारवण उखडतं.

हात कसा चालवायचा

सुरुवात दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून करायची आणि दाराकडे मागे मागे यायचं, म्हणजे पुसलेल्यावर आपलाच पाय पडत नाही. भिंतीच्या कडेने एक पट्टा आधी पुसून घ्या, मग मधला भाग.

फडक्याने बसून पुसत असाल तर उजवीकडून डावीकडे अर्धा गोल घ्या, मग त्या पट्ट्याच्या थोडं आत पुढचा अर्धा गोल. एक पट्टा दुसऱ्यावर दोन बोटं तरी चढला पाहिजे, नाहीतर मधे कोरडी रेघ राहते. फडकं इतकं पिळलेलं हवं की उचललं तर एक थेंबही पडू नये. पुसलेली जागा दोन-तीन मिनिटांत वाळली पाहिजे. पाच मिनिटं झाली तरी ओली असेल तर तुम्ही पाणी ओतताय. जास्त पाणी म्हणजे जास्त स्वच्छ, ही समजूत सोडायला मला सगळ्यात वेळ लागला. जास्त पाण्यात मळ तरंगतो, वाहतो, सांध्यांत शिरतो आणि तिथेच वाळतो. टाइल्सचे सांधे काळे पडतात ते यामुळेच. सांधे काळे झाले असतील तर खाण्याच्या सोड्याचा दाटसर लगदा लावा, दहा मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि पुसून घ्या. एका दिवशी एकाच खोलीचे सांधे घ्या, गुडघे त्याच्यापेक्षा जास्त सहन करत नाहीत.

स्पिन मॉप असेल तर दांडा हनुवटीपर्यंत उंच ठेवा, म्हणजे कंबर वाकत नाही. मॉप पुढे-मागे ढकलला तर मळ पुढे ढकलला जातो आणि भिंतीपाशी साचतो. तो आपल्या डाव्या-उजव्या बाजूला नागमोडी चालवत मागे सरका, म्हणजे मॉपची पुढची कड मळ धरून ठेवते. दर चार-पाच हातांनी तो धुवा. मॉप असूनही कोपरे हातानेच पुसावे लागतात. गोल मॉप चौकोनी कोपऱ्यात जात नाही.

मॉप आणि फडकं यांत चांगलं काय? फरशी एकच असेल तर बसून, फडक्याने, दाब देऊन पुसलेली जास्त स्वच्छ निघते, यात मला शंका नाही. पण पन्नाशीनंतर गुडघ्यांवर रोज एवढा भार द्यावा असं मी कुणालाच सांगणार नाही. आठवडाभर मॉप आणि रविवारी फडकं, घरातल्या तरुण माणसाच्या हातून, असं आम्ही ठरवलं आहे.

घरी कामाला येणाऱ्या मावशींकडून पुसून घेत असाल तर दुसरी बादली, हातमोजे आणि थंडीत गरम पाणी आपण द्यायचं. चार घरांची फरशी करून आलेल्या बाईला आपण एक बादली आणि एक कुबट फडकं देतो आणि नंतर पट्टे दिसतात म्हणून बोलतो, हे बरोबर नाही. त्यांना दोन बादल्यांची रीत एकदा करून दाखवा आणि त्यासाठी दहा मिनिटं जास्त लागणार हेही धरून चाला.

घरात म्हातारं माणूस असेल तर ते उठायच्या आधी किंवा दुपारी झोपल्यावर पुसा, आणि पूर्ण वाळेपर्यंत त्या खोलीचं दार लोटून घ्या. ओल्या टाइलवर पाय सरकून खुब्याचं हाड मोडणं हे आमच्याच गल्लीत दोन घरांत झालं आहे.

हळद, तेल, गूळ

सांगलीत हळदीच्या डागाबद्दल सांगायलाच हवं. २०१८ मध्ये आमच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा रंग तितकाच पक्का. हळद सांडली की पहिला हात साबणाकडे जातो आणि डाग लालभडक होतो. हळद साबणाच्या किंवा चुन्याच्या संपर्कात आली की लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. सांडलेली पूड आधी कागदाच्या कडेने कोरडीच गोळा करा, मग कोरड्या फडक्याने झटका. उरलेला पिवळा ठसा हँड सॅनिटायझर लावलेल्या कापसाने टिपा. हळदीचा रंग पाण्यापेक्षा स्पिरिटमध्ये चांगला विरघळतो. टिपायचं, चोळायचं नाही. तरीही पिवळी झाक राहिली आणि तिथे ऊन येत असेल तर चार-सहा दिवस तशीच सोडा. उन्हाने हळद उडते. शहाबादीवरचे कितीतरी डाग असेच गेलेले मी पाहिले आहेत.

तेल सांडलं तर त्यावर गव्हाचं पीठ किंवा बेसन पसरा, दहा मिनिटांनी सुपलीत गोळा करा, मग गरम साबणाच्या पाण्याने पुसा. देवघरातल्या समईखाली तेलाचा ओघळ जमतो, तिथे आधीच पितळी तबक ठेवलेलं बरं. गुळाचा खडा किंवा पाक फरशीला चिकटला तर खरवडू नका. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर पाच मिनिटं ठेवा, तो आपोआप सुटतो. तसा राहिला तर रात्रीत मुंग्यांची रांग लागते.

पावसाळ्यात

साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये फरशी पुसली तर ती वाळतच नाही. माझी आई त्या दिवसांत सकाळी नुसता केर काढायची आणि दुपारी बारा-एकच्या सुमारास, जरा उघडीप असेल तेव्हा, कडक पिळलेल्या फडक्याने पुसायची. तेच बरोबर आहे. समोरासमोरच्या खिडक्या उघडा, पंखा लावा, पुसलेल्यावर लगेच कोरडं फडकं फिरवा. खूप पाऊस असेल तर एक दिवसाआड पुसलं तरी चालतं. फरशी ओली ठेवण्यापेक्षा कोरडी झाडलेली चांगली. उंबरठ्याच्या बाहेर एक आणि आत एक अशी दोन पायपुसणी ठेवली तर चिखल दारातच थांबतो. ती ओली झाली की मात्र बदला.

पाण्यात खडेमीठ घालून पुसायची चाल पुष्कळ घरांत आहे. श्रद्धेने करणाऱ्यांना मी नको म्हणणार नाही, पण मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात त्यामुळे फरशी दमट राहते आणि सच्छिद्र दगडात मीठ शिरून पापुद्रे सुटतात. मिठाच्या पाण्याने पुसलंच तर पाठोपाठ साध्या पाण्याचा एक हात फिरवा.

पुराचा गाळ

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांनंतर सांगलीत हजारो घरांनी गाळ उपसला. त्यातले पहिले दोन पूर मी स्वतः अनुभवले आहेत. २००५ ला आम्ही पाणी उतरल्यावर ‘जरा वाळू दे’ म्हणून दोन दिवस थांबलो आणि गाळाचं सिमेंट झालं. टिकावाने फोडावा लागला, चार फरश्या तडकल्या. चपलेच्या पातळ ठशाला मी वर वाळू द्या म्हटलं. पुराच्या जाड गाळाला नेमकं उलट. तो ओला असतानाच काढायचा.

आत जायच्या आधी मेन स्विच बंद आहे ना ते बघा, आणि बोर्डात पाणी शिरलं असेल तर वायरमनने तपासल्याशिवाय लावू नका. गमबूट आणि जाड हातमोजे घालूनच काम करा. पायाला चीर असेल तर पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. काठीने कोपरे आणि कपाटाखाली चाचपून घ्या, साप आणि विंचू आसऱ्याला आलेले असतात. मग गाळ फावड्याने आणि लाकडी फळीने ओढून घमेल्यात भरा. मोरीत लोटू नका, मोरी तुंबली की पुढचं सगळं पाणी घरातच राहतं. गाळ उचलून झाल्यावर पाणी मारत खराट्याने आतल्या खोलीपासून दाराकडे काढत या. एकदा धुऊन काही होत नाही. पाणी स्वच्छ बाहेर पडेपर्यंत, चार-पाचदा, धुवावं लागतं.

जंतुनाशक यानंतर. आधी नाही. मातीवर ब्लीचिंग पावडर भुरभुरली तर ती मातीतच खर्ची पडते. फरशी धुऊन झाली की पाच लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर ढवळा, निवळू द्या, वरचं निवळ पाणी फरशीवर पसरा आणि दहा मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्याने धुवा. खालचा पांढरा गाळ फरशीवर ओतला तर चुन्याचे डाग पडतात. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. पावडरचं पाकीट ताजं आणि कोरडं हवं, ओल लागलेल्या पावडरचा जोर गेलेला असतो. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले असतील तेव्हाही याच मापाचं पाणी, आधी घाण टिपून घेऊन मग, वापरता येतं. रोज मात्र नको.

फडकं

सुती, पाणी पिणारं हवं. जुना टर्किश टॉवेल किंवा धुऊन मऊ झालेला पंचा उत्तम, बनियन चालतं, नायलॉन मिसळलेली साडी मळ सरकवते, उचलत नाही. स्वयंपाकघराचं, बाकी घराचं आणि बाथरूमचं फडकं वेगळं ठेवा. एकाच जागी ठेवून चुकतं म्हणून आमच्याकडे प्रत्येकाच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा टाका घातला आहे.

काम झालं की फडकं साबण लावून धुवा, पिळा आणि उन्हात दोरीवर पूर्ण उघडून वाळवा. बादलीच्या काठावर बोळा करून टाकलेल्या फडक्याला रात्रीत कुबट वास येतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच वास अख्ख्या घराला लागतो. आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवा. स्पिन मॉपचं मायक्रोफायबर मात्र उकळू नका, त्याला ब्लीच किंवा कपडे मऊ करायचं लिक्विडही लावू नका. त्याचे बारीक धागे खराब होतात किंवा बुजतात आणि मग ते धूळ धरत नाहीत. मॉप उलटा, डोकं वर करून उभा ठेवा. बादल्याही विसळून पालथ्या घाला, तळाशी राहिलेला चिकट थर उद्याच्या पाण्यात उतरतो.